जिता चुना

येरळापुरात त्या पावसाळ्यानंतर लोकांना एक नवंच खूळ लागलं होतं. सकाळचा चहा झाला की माणसं मंडईकडे निघत. भाजीसाठी नाही, भेग बघायला. बारादारी मंडईच्या पूर्वेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. तडा केवढा, तर पालेभाजीवाली काशव्वा त्यात आपली छत्री उभी करून ठेवायची. आणि आता तो तडा बुजत चालला होता. गवंडी नाही, थापी नाही, घमेलं नाही. खरचटलेलं कोपर भरून यावं तशी भिंत आपली आपण भरत होती.

"काल बोट जात होतं, आज करंगळीबी जाईना," कुणीतरी म्हणे, आणि मागचे खात्री करायला पुढे घुसत. पैजा लागत. काशव्वाला मात्र कौतुकापेक्षा राग जास्त होता. एका सुट्टीला ती छत्री तिथेच विसरली, आणि परत येऊन बघते तर छत्रीची नुसती मूठ भिंतीबाहेर राहिलेली.

"गिळली की ओ माझी छत्री," ती येईल त्याला सांगायची. "हिला खायाला गूळ घालताय, आन् ही खाती छत्र्या."

गूळ खरंच घातला होता. पण ते नीट मुळापासून सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा काहीतरी फेकतोय.

साल दोन हजार एकाहत्तर. सामान ने-आण करायला उडती यंत्रं आली होती, त्यांना येरळापूरकर ‘उडते हमाल’ म्हणत. दूध, औषधं, जेवणाचा डबा, सगळं खिडकीत येऊन पडे. दाराची कडी कित्येक दिवस काढली नाही तरी कुणाचं काही अडत नव्हतं. असं असूनही मंडई टिकली होती, कारण वांगं दाबून बघितल्याशिवाय घ्यायचं हे येरळापूरकराला अजून जमलेलं नव्हतं. पण इमारत थकली होती. पावणेदोनशे वर्षांचं दगड-चुन्याचं काम, बारा कमानी, प्रत्येक कमानीत दोन झडपांचं सागवानी दार. नगरपालिकेने ती धोकादायक ठरवली आणि तिच्या जागी काचेचं संकुल बांधायचा ठराव केला.

तेव्हा हेमलता कुरुंदवाडे यांचं डोकं फिरलं. हेमाक्का म्हणजे हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झालेली बाई. अर्ध्या गावाने तिच्या हातची पट्टी खाल्लेली. यजमान वारलेले, मुलगी परदेशात, त्यामुळे घरी ती झोपण्यापुरतीच जाई. तिने ‘मंडई वाचवा समिती’ काढली आणि आंदोलन असं केलं, की नगरपालिकेला हसावं की रडावं कळेना. शे-दीडशे बायका रोज नगरपालिकेच्या पायऱ्यांवर बसून मेथी निवडायच्या. घोषणा नाही, दगडफेक नाही. जाताना देठांचा ढीग तेवढा दारात. आंदोलनाच्या पाट्या अक्काच्या घरी असत, म्हणजे घरात नव्हे, बाहेर दाराच्या बंद झडपेला टेकवलेल्या. ज्याला लागेल त्याने रस्त्यावरूनच उचलायची.

मुख्याधिकारी तांबवेकर हा तिचाच विद्यार्थी. वाईट माणूस नव्हता. त्याने एक दिवस तिला आत बोलावून चहा दिला.

"बाई, तुमच्या भावना मला कळतात. पण भिंत पडून उद्या कुणी मेलं, तर मेथी निवडणाऱ्या बायका जबाबदारी घेणार का?"

"भिंत पडणारच नाही असं केलं तर?"

"तर मीच ठराव मागं घ्यायला लावतो. दिवाळीआधी छतावर वाळूची पोती रचून भारचाचणी करू. भिंत तसूभर हलली, की मंडई गेली."

अक्काने चहा अर्धा सोडला आणि बाहेर येऊन थेट बंगळुरूला फोन लावला.

तिकडे होती डॉ. नसीम बागवान. हीही अक्काचीच विद्यार्थिनी. हिच्या वडिलांचा केळ्यांचा गाळा ह्याच मंडईच्या सातव्या दाराशी होता, आणि मुलीने मोठी होऊन जिवाणूंवर संशोधन केलं होतं. ती दोन दिवसांत एक बारका डबा घेऊन आली. डब्यात पिठासारखी पांढरी पूड होती.

"हा जिता चुना," ती म्हणाली. "म्हणजे जिवंत चुना."

"चुना कधी जिवंत असतो होय गं?"

"चुना नाही अक्का, त्यातले जिवाणू. काही जिवाणू असे असतात, की अन्नपाणी मिळालं की त्यांच्या अंगाभोवती चुनखडीचा थर बसतो. कोरडं पडलं की ते बी होऊन झोपतात, वर्षानुवर्षं. भिंतीला भेग पडली की हवा आणि ओल आत जाते. ते जागे होतात, भेग भरतात, परत झोपतात."

"खातात काय?"

"गूळ. आपले जुने गवंडी चुन्यात गूळ, हिरडा, उडदाचं पाणी घालतच होते. मी त्या पंगतीला फक्त जेवणारे बसवलेत."

अक्काला हे आवडलं. पण ती शाळेतली बाई, शंका काढल्याशिवाय सोडणार कशी? "आणि थांबायचं कधी, हे त्यांना कोण सांगणार? भेग भरली, मग खिडकी भरली, मग दार भरलं. उद्या मंडईचा एक भलामोठा दगड होऊन बसला म्हणजे?"

नसीमच्या चेहऱ्यावर एकदम आनंद पसरला. "ह्याच एका प्रश्नात माझी उमेदीची वर्षं गेली. ऐका. माणसं चालतात, बोलतात, दार उघडतात, मिटतात. त्याने भिंत अगदी बारीक थरथरते. ती थरथर ओळखायला मी ह्यांना शिकवलंय. जिथे रोज थरथर, तिथे ते दगड धरत नाहीत. धरला असेल तर सोडून देतात. जिथे सगळं शांत, तिथे भरत जातात. भेगेत कोण येतंय-जातंय? म्हणून भेग भरते. दारात वर्दळ असते, म्हणून दार राहतं."

अक्का म्हणाली, "पायवाटेसारखं. माणसं चालतात तिथे गवत येत नाही."

"बस. एवढंच आहे ते."

पुढचे दिवस काय सांगावेत. नदीकाठी चुन्याची जुनी घाणी होती, गोल चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक. ती साफ केली. बैल आता कुठले मिळायला? तालमीतले पैलवान जू खांद्यावर घेऊन उभे राहिले. घराघरातून गूळ आला. कुणी काकवी आणली, कुणी दिवाळीच्या चिरोट्यांसाठी ठेवलेली साखर आणली, ती नसीमने परत पाठवली. चाक फिरू लागलं, हलगीवाले आपण होऊन आले, आणि चुना लोण्यासारखा मऊ होईपर्यंत कुणी घरी गेलं नाही. अक्का घसा बसेपर्यंत ओरडत होती. तिला इतकं जिवंत आपल्या लग्नातही वाटलं नव्हतं, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगत होती.

भेगेच्या कडांना चुना लिंपून झाला आणि घाणीत बराच उरला. नसीमने तो भट्टीत जाळायचं आधीच सांगितलं होतं. पण येरळापूरची एक जुनी रीत आहे. विहीर असो, देऊळ असो, सगळ्यांनी मिळून काही बांधलं की उरलेला माल टाकत नाहीत. घरटी एक ओंजळ नेतात आणि आपल्या दाराच्या चौकटीला लिंपतात. त्याला ‘गावहात’ म्हणतात. गावाचा हात आपल्या दारावर राहिला, की घराला काही होत नाही अशी समजूत.

"जाळायचं कसं गं?" अक्का म्हणाली. "प्रसाद आहे तो."

"प्रयोगाचा माल बाहेर नेत नसतात, अक्का." नसीमने जरा विचार केला. तिचंही मन त्या दिवशी भरून आलं होतं. "पण चौकटीला लावणार म्हणजे दारालाच. दार तर रोज उघडतं-मिटतं. न्या. बिघडत काही नाही."

लोक ओंजळी भरून घेऊन गेले.

भारचाचणीच्या दिवशी अख्खं गाव मंडईभोवती उभं होतं. छतावर एकेक पोतं चढत होतं आणि भिंतीला लावलेल्या मापकाचा काटा एका मोठ्या पडद्यावर दिसत होता. लोकांच्या माना पडद्याकडे. पोती संपली. काटा होता तिथेच. तांबवेकरने जवळ जाऊन मापकावर टिचकी मारून बघितली, तरी काटा हलेना. मग त्याने मागे वळून अक्काला नमस्कार केला, आणि त्यानंतर काय आवाज झाला तो येरळा नदीच्या पलीकडच्या गावात ऐकू गेला म्हणतात. पैलवानांनी अक्काला उचलायचा प्रयत्न केला. "खाली ठेवा रे, कंबर मोडाल माझी," ती म्हणत होती आणि हसत होती.

आणि इथे समितीने एक चूक केली, जी वारसा जपणारी माणसंच करू जाणोत. एवढ्या कष्टाने वाचवलेली वास्तू, तिला आता जपायला नको? दार बंद करून आतली साफसफाई, रंगरंगोटी, माहितीफलक, सगळं रीतसर करायचं ठरलं. पैसे थोडे, परवानग्या फार, त्यामुळे काम सुरू होण्याआधीच थंडावलं. पण बाराही दारं मिटली, भोवती दोरी लागली, पाटी लागली: ‘वारसा वास्तू. हात लावू नये.’ भाजीवाल्यांना तोपर्यंत एसटी स्टँडमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं.

"मंडई वाचवली म्हनता," काशव्वा म्हणाली, "आन् मंडईला भाईर काढलं."

"गुढीपाडव्यापर्यंत गं. पाडव्याला वाजतगाजत आत आणते तुम्हाला."

पाडव्याला बँड आला, फीत आली, तांबवेकर फेटा बांधून आला. अक्काने पहिल्या दाराचं कुलूप काढलं आणि झडप ढकलली. झडप हलली नाही. दोन पैलवानांनी खांदा लावला. काही नाही. दुसरं दार, तिसरं दार, सातवं दार. फटीच नव्हत्या. झडप आणि झडप, झडप आणि चौकट, सगळ्यावरून पांढरा दगड चढून एकजीव झालेला. सुतार आणा, पटाशी आणा, असा गलका झाला.

नसीमने भिंतीला कान लावला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"पटाशी नको. चौकटी फुटतील. अक्का, आपण हिला एकटं टाकलं. कुणी आलं नाही, कुणी बोललं नाही. हिला वाटलं, दार म्हणजे पण भेगच."

"मग आता?"

"आता गोंधळ घाला. जमेल तेवढा."

येरळापूरकरांना हे दोनदा सांगावं लागत नाही. अक्काने स्वतःच्या हाताने दोरी तोडली. भाजीवाले शेड सोडून आले आणि बंद दारांसमोर, उघड्यावर, आपापल्या जुन्या जागी भाजीच्या पाट्या मांडून बसले. काशव्वाने दाराला पाठ लावली आणि असा आवाज काढला, की कावळे उडाले. "मेथीऽ, चुकाऽ, शेपूऽ." हलगी कडाडली. बँडवाल्यांनी ढोल थेट झडपांना टेकवले. पोरं-पोरी, म्हातारे, फेटेवाला तांबवेकर, सगळे तळहातांनी दारं बडवत होते. दुपार कलली तशी सातव्या दाराच्या फटीतून बारीक पांढरी भुकटी गळायला लागली. मग रेघ दिसली. मग नसीमने बोटाने ढकललं, आणि तिच्या बापाच्या गाळ्यासमोरचं दार करकर करत आत गेलं. नसीम तिथेच रडायला लागली आणि काशव्वाने तिला पदर दिला. "रड की मस्त. ढोलात कुनाला ऐकू जातंय?"

एकेक करत बाराही दारं उघडली. बँड जोरात होता, पण अक्काला काहीतरी कमी वाटत होतं. तिने बँडमास्तरला विचारलं, "क्लॅरिनेट कुठं गेलं रे?"

"दामूअण्णा? लई दिवस दिसले नाहीत बघा. बोलावणं धाडलं हुतं. उत्तर नाही."

दामूअण्णा शेटे म्हणजे बँडचे जुने वादक, अक्काच्याच गल्लीत चार घरं सोडून एकटे राहणारे. घाणीच्या दिवशी ते हलगीसोबत वाजवत होते, आणि जाताना त्यांनीही ओंजळ नेली होती. अक्काच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"नसीम, चल माझ्याबरोबर."

दामूअण्णांच्या दाराला फट राहिली नव्हती. पांढरा दगड कडीवरूनही गेलेला. शेजारच्या खिडकीचे गज मात्र स्वच्छ होते, कारण उडता हमाल रोज तिथे डबा ठेवत होता. अक्काने खिडकीतून हाक मारली. अण्णा आतून आले, स्वेटर घातलेले, दाढी वाढलेली.

"काय गं हेमा?"

"दार उघडा अण्णा."

"उघडत नाही ते. ओलीनं फुगलं असंल. राहिलं तसंच. मला कुठं जायचंय? डबा हितं येतोय."

दोघी बाहेरून दार बडवू लागल्या. अण्णा जरा वेळ बघत राहिले, मग आतून त्यांनीही एक काठी घेऊन ठोकायला सुरुवात केली, ठेक्यात, बँडच्या माणसासारखी. अंधार पडायच्या आत दार सुटलं. तिघांच्याही अंगावर पांढरी धूळ. अण्णांनी उंबऱ्यात उभं राहून विचारलं, "हेमा, खरं सांग. तू दार सोडवायला आलीस, का मला भेटायला?"

अक्काला खोटं बोलणं जमलं नाही. "दार सोडवायला, अण्णा."

"बरं. आलीस तर बस."

दुसऱ्या दिवशी समितीचे लोक गावभर फिरले. ज्या घरात ये-जा होती तिथे गावहाताने काहीच केलं नव्हतं. चौकटी गुळगुळीत, भेगा बुजलेल्या, लोक खूश. पण प्रत्येक गल्लीत एखाददुसरं दार पांढरं पडलेलं निघालं. आत कुणी आजारी, कुणी म्हातारं, कुणी धडधाकट तरुण, खोलीतूनच नोकरी करणारा. एका घरातले आजोबा तर खिडकीतून हात जोडू लागले, "बोंब करू नका. गावात चार मुलगे आहेत माझे. लोक काय म्हणतील?" इतकी वर्षं जे कुणाला बाहेरून कळत नव्हतं, ते आता रस्त्यावरून जाणाऱ्याला नुसत्या नजरेने कळत होतं. कुणाकडे कुणी येत नाही, हे दारावर लिहून ठेवल्यासारखं झालं.

मंडईच्या पायऱ्यांवर सभा बसली. नसीमने सरळ सांगितलं, "एक विषाणू माझ्याकडे आहे. माणसाला काही करत नाही, फक्त ह्या जिवाणूंना मारतो. सोडला की महिन्याभरात गावातला सगळा जिता चुना मरेल. पण तो वाऱ्यावर पसरतो. घरं आणि मंडई वेगळी ठेवता येणार नाहीत. पूर्वेची भिंत आज त्या जिवाणूंच्या जोरावर उभी आहे."

"म्हणजे मंडई पडणार," कुणीतरी म्हणालं.

"पडू दे," तांबवेकर उठला. फेटा नव्हता आता. "बाई, तुमच्यासमोर बोलायला मला जड जातंय. पण इमारतीसाठी माणसं कोंडायची? हे कुठल्या शास्त्रात बसतं?"

सगळे अक्काकडे बघू लागले. ही मंडई गेली तर आपल्याकडे उरतं काय, हाच विचार तिच्या डोक्यात होता.

"तांबवेकर, दामूअण्णांना चुन्याने नाही कोंडलं. ते कधीचे कोंडलेले होते. चार घरांवर राहून मला कळलं नाही, ते चुन्याने सांगितलं. आता सांगणाऱ्यालाच मारायचं म्हणतोस?" तिने गावाकडे बघितलं. "उपाय आपल्याला ठाऊक आहे. दार ठोठवायचं. रोज, प्रत्येक गल्लीत, प्रत्येक घरी. मंडईसाठी मेथी निवडलीत, चाक ओढलंत, हेही करा. पुढच्या दिवाळीला तांबवेकरने गावात फिरून बघावं. एक दार जरी बंद सापडलं, तर तो विषाणू मी माझ्या हाताने सोडीन."

पहिली काशव्वा उठली आणि म्हणाली, "माझ्या गल्लीत मी ठोठवते. भाजी इकत इकत." झालं. माणसं उठून आपापल्या गल्ल्या वाटून घ्यायला लागली.

त्याला नाव पडलं ‘ठोकफेरी’. त्या उन्हाळ्यात येरळापूर जसं गजबजलं तसं ते कधीच गजबजलं नव्हतं. सकाळ-संध्याकाळ टोळकी निघत, दारं वाजत, आतून "आलोऽ" येई, चहा होई, पत्त्यांचे डाव रंगत. दामूअण्णा पुन्हा बँडमध्ये गेले. बाहेरगावचे लोक बघायला यायला लागले. त्यातच एका चलाख दुकानदाराने दाराला आपोआप हादरे देणारं ‘थरथर यंत्र’ विकायला काढलं, आणि ते खूप खपलं. सोयरिकीला आलेले पाहुणे आधी चौकटीची फट बघू लागले. काही माणसं आत एकटीच बसून दार उघडमीट करतात अशीही कुजबुज होती. पण दारं उघडी होती, आणि मंडई उभी होती.

दिवाळी तोंडावर आली. गावभर एकही पांढरं दार नव्हतं. दुसऱ्या दिवशी तांबवेकरची फेरी. नसीमला त्यानंतर बंगळुरूला परतायचं होतं, म्हणून ती संध्याकाळी बॅग खांद्याला लावून अक्काचा निरोप घ्यायला गेली. तिला आठवलं, ह्या घरात आपण कधी आत गेलोच नाही. अक्का नेहमी मंडईतच भेटायची.

अक्का दारातच उभी होती. आंदोलन कधीच संपलं होतं, पण पाट्या समितीने त्या सकाळीच नेल्या होत्या. इतके दिवस पाट्यांमागे झाकलेली डावी झडप आता उघडी पडली होती. ती पांढरी होती. वरच्या चौकटीपासून उंबऱ्यापर्यंत सलग दगड, कडीसकट.

"अक्का, हे काय?"

"कुठे काय? ती झडप लागत नाही मला." अक्का घाईने म्हणाली. "ती पाहुण्यांची. एकटीला एक पुरते. तिरकं व्हायचं थोडं."

"आपल्या ठोकफेरीत ह्या घराचं नाव कुणाकडे होतं?"

अक्का पदराने उजवी झडप पुसू लागली. नसीमला उत्तर कळलं. नाव कुणाकडेच नव्हतं. अक्काच्या दारात माणसांची रीघच असणार, असं प्रत्येकाने धरून चाललेलं.

"अर्धं आहे," अक्का म्हणाली. तिचा आवाज शाळेतल्या बाईचा राहिला नव्हता. "अर्धं दार बंद म्हणजे बंद नव्हे, होय ना? नसीम, तांबवेकरला सांगू नकोस. गावात बोंब करू नकोस, तुझ्या पाया पडते."

नसीमने बॅग खाली ठेवली.

"ये की आत. हितनं ये, ह्या झडपेतनं. चहा टाकते."

"नाही. मी पाहुणी आहे," नसीम म्हणाली. "मी त्या झडपेतून येणार." आणि ती दोन्ही तळहातांनी पांढरा दगड बडवू लागली.

अक्का आत जाऊन त्या झडपेमागे जमिनीवर बसली. ठोके तिच्या पाठीत जाणवत होते. उद्या सकाळी तांबवेकर येणार, तोवर झडप सुटली तर मंडई राहणार, हे तिला ठाऊक होतं आणि नसीमलाही ठाऊक होतं. ही पोरगी मंडईसाठी ठोकतेय की माझ्यासाठी, हे विचारायचं तिच्या अगदी ओठांवर आलं. तिने विचारलं नाही. वळून बसली आणि आतून ठोकू लागली.